टाउन हॉलच्या तीस पायऱ्या

फोर्टातला टाउन हॉल तुम्ही पाहिला असेलच, निदान सिनेमात तरी! हॉर्निमन सर्कलसमोर 30 पायऱ्या आणि वर आठ जाडजूड डोरिक खांब. जॉर्ज राजांच्या काळात इंग्लंडात जी ग्रीक-रोमन वळणाची, काटेकोर मापाची बांधणी चालायची, तीच इथे आणली. आपण तो मुद्दाम बघावा, कारण तो काढला बॉम्बे इंजिनिअर्समधल्या कर्नल थॉमस काउपरने. म्हणजे आपल्याच जातकुळीतला माणूस.

पैसा उभा करायला चक्क लॉटरी काढली. ती पुरली नाही, मग बाकीचा भार कंपनी सरकारवर. इमारत पूर्ण झाली 1833 मध्ये. खांब इंग्लंडहून जहाजाने आले आणि निघाले भलतेच मोठे. ते जोडीजोडीने लावायचा बेत बारगळला, एकेकच उभे केले आणि उरलेले भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला गेले. ड्रॉइंग आणि साइटचं भांडण तेव्हापासूनचं आहे, बघा. (आपल्या अंबरनाथचं शिवालय 1060 सालचं, इथल्याच काळ्या दगडातलं. तिथे जहाजाची वाट बघावी लागली नाही.)

पण मला खरं अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. या इमारतीत आजची एशियाटिक सोसायटी आहे. संस्था 1804 ची, पण पहिला भारतीय सभासद, माणेकजी कर्सेटजी, 1840 मध्ये! म्हणजे छत्तीस वर्षं आपल्या देशाचा अभ्यास चालला होता, आपल्याला सभासद न करता. पहिले भारतीय अध्यक्ष न्यायमूर्ती तेलंग व्हायला 1892 उजाडलं.

आणि आत पुतळा कोणाचा? नाना शंकरशेट यांचा. जन्म 1803, मुरबाड. शहाडच्या पुलावरून जाणारा रस्ता जिथे जातो, तेच मुरबाड! 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, तिच्यासाठी खटपट करणाऱ्यांत हे होते. आपण रोज जिला लटकतो त्या लोकलची सुरुवात तीच.

इमारत मुंबईच्या हेरिटेज यादीत पहिल्या श्रेणीत आहे. पायऱ्यांवर कॉलेजची पोरं बसतात, फोटो काढतात, वडापाव खातात. आत शिरणारे मात्र थोडे. वाचनालय आहे, लाकडी जमीन आहे. बूट वाजतात, म्हणून सगळे जपून चालतात. पुढच्या वेळी सीएसएमटीला उतरलात तर चालत जा, लांब नाही. आणि पायऱ्यांवरच थांबू नका.