वाटीला फुटलेले कान

पोलादी पत्र्याची अचूक गोल चकती कापली, डायवर ठेवली, ब्लँक होल्डरने कडा दाबून धरली आणि मधून पंच खाली आणला की सपाट चकतीची वाटी होते. चकती गोल, पंच गोल, डायही गोल. तेव्हा वाटीचा काठ सगळीकडे सारख्या उंचीचा यायला हवा. तो येत नाही. बहुतेक वेळा चार ठिकाणी काठ वर आलेला असतो आणि मधल्या चार ठिकाणी खाली बसलेला. प्रेस शॉपमध्ये याला ‘इअरिंग’ म्हणतात. वर आलेले कान छाटून भंगारात जातात आणि काम पुढे चालू राहतं. धातूघडणीवर प्रयोग करणाऱ्याचं काम मात्र त्या भंगारापासूनच सुरू होतं.

कान फुटतात ते पत्र्याच्या पूर्वायुष्यामुळे. रोलखालून जाताना पत्रा एकाच दिशेला लांबत जातो आणि त्याच्या आतले सूक्ष्म स्फटिक विशिष्ट कलाने मांडले जातात. वरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. म्हणून प्रयोगशाळेत पत्रा आला की आधी मार्करने रोलिंगच्या दिशेचा बाण काढतात. मग बाणाच्या दिशेने एक, 45 अंशांत एक आणि 90 अंशांत एक अशा पट्ट्या कापायच्या, कडेची बर काढायची (ती राहिली तर पट्टी भलतीकडूनच तुटते आणि बोल लागतो धातूला) आणि यूटीएमवर, म्हणजे ताण-चाचणीच्या यंत्रावर, ओढायच्या. ओढताना रुंदी ज्या प्रमाणात घटते आणि जाडी ज्या प्रमाणात घटते, त्यांचं गुणोत्तर म्हणजे ‘आर’. आर 1 असेल तर दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. खोल ओढीसाठी बनवलेल्या चांगल्या पोलादात तो दीडच्या वर जातो, म्हणजे पत्रा सहजी पातळ होत नाही. ॲल्युमिनियममध्ये तो बहुधा 1 च्या खालीच. ज्या दिशेला आर जास्त, त्या दिशेला वाटीला कान.

ताकद मोजतानाही हेच पूर्वायुष्य आडवं येतं. म्युनिकच्या योहान बाउशिंगर यांनी 1880 च्या दशकातच दाखवलं होतं की, धातू आधी यील्डपलीकडे, म्हणजे आकार कायमचा बदलेपर्यंत, ओढला आणि मग उलट दाबला तर तो अपेक्षेपेक्षा कमी भाराला नमतो. डायच्या गोलाईवरून सरकताना पत्रा नेमका असाच आधी वाकतो आणि मग सरळ होतो. पंच वर गेल्यावर तो किती मागे उसळेल, त्या स्प्रिंगबॅकचा हिशेब म्हणूनच साध्या ताण-चाचणीवर पूर्ण होत नाही. त्यात पोलादाची लवचिक ताठरता सुमारे 200 गिगापास्कल आणि ॲल्युमिनियमची 70. तेवढ्याच ताकदीचा ॲल्युमिनियमचा पत्रा जवळपास तिप्पट उसळतो. संगणक आकृती सुरेख रंगवून देतो, पण त्याला दिलेले आकडे एका पट्टीचे असतील तर ती रंगीत अटकळच.

सगळ्यात फसवं पूर्वायुष्य गोदामातलं. कमी कार्बनच्या पोलादाची कॉइल ताजी असते तेव्हा गाडीचं पॅनेल गुळगुळीत उतरतं. तीच कॉइल काही महिने उन्हाळ्याच्या उकाड्यात पडून राहिली की पॅनेलवर तिरपे पट्टे उमटतात आणि ते रंगाखालीही लपत नाहीत. पोलादात विरघळलेले कार्बन आणि नायट्रोजनचे अणू सावकाश सरकत विस्थापनांपाशी (स्फटिकांच्या मांडणीतल्या त्रुटींच्या रेषांपाशी) जमतात आणि त्यांना जखडून ठेवतात. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी 1949 मध्ये ही यंत्रणा मांडली. जखडलेली विस्थापनं एकदम सुटतात ती पट्ट्यापट्ट्याने. यावर गिरण्या साधारण टक्काभराची हलकी रोलिंग करून देतात, किंवा टायटॅनियम घालून ते अणू आधीच बांधून टाकतात. पहिला उपाय काळाबरोबर विरतो. मग पुरवठादार म्हणतो डाय खराब, प्रेसवाला म्हणतो माल खराब, आणि कॉइलवरची तारीख कुणी बघत नाही. पट्टी ओढून पाहिली तर आलेखात यील्डनंतर सपाट पायरी दिसते. भांडण तिथेच मिटावं.

पूर्वायुष्य पुसताही येतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्यांनी कडक झालेलं तांबं भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात. मात्र शेवटच्या मठारकामाचे ठोके तसेच ठेवतात. भांड्याला ताठपणा येतो तो त्यातूनच.

सगळ्यात देखणा प्रयोग स्टुअर्ट कीलर यांचा. एमआयटीत असताना, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी पत्र्यावर बारीक वर्तुळं उमटवली आणि मग तो घडवला. वर्तुळांची लंबवर्तुळं झाली. ती मोजली की कुठे किती ताण पडला आणि कुठे तडा जवळ आला ते कळतं. या मोजमापांतून पत्रा कुठवर ताणता येतो त्याचा आलेख निघाला आणि गुडविन यांनी 1968 मध्ये त्याला उरलेली बाजू जोडली. या आलेखातली गंमत अशी की पत्रा दोन्हीकडे सारखा ताणला तर बराच टिकतो. एकीकडे ताणताना दुसरीकडे ना लांबू दिला ना आखडू दिला, की सर्वांत लवकर फाटतो.

आपल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थी मऊ पोलादाची एक सळई तोडतात, जर्नलमध्ये रीडिंग उतरवतात आणि मोकळे होतात. प्राध्यापकांना विनंती एवढीच की, पुढच्या सत्रात सळईच्या जोडीला विद्यार्थ्यांना एकाच पत्र्यातून तीन दिशांना कापलेल्या तीन पट्ट्या तोडायला द्याव्यात, आणि उत्तरं जुळली नाहीत म्हणून गुण कापू नयेत.