टोकियोचे अर्थशास्त्र आणि बीडचा कोयता

इ. स. १५४८ साली गोव्याच्या संत पॉल महाविद्यालयात एक जपानी गृहस्थ शिकत होता. अंजिरो हे त्याचे नाव. त्याच वर्षी पेन्टेकॉस्टच्या सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो पाउलो द सान्ता फे झाला. थोड्याच महिन्यांत तो पोर्तुगीज लिहू-वाचू लागला. पुढील वर्षी, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, त्यालाच दुभाषा म्हणून बरोबर घेऊन संत फ्रान्सिस झेवियर कागोशिमा बंदरात उतरले. त्या काळी जपानचा विद्यार्थी आपल्या किनाऱ्यावर येत होता. आज आपली मुले उलट वाटेने निघू पाहत आहेत.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. त्यांचा नाताळ कोपीतच साजरा होतो. अशाच एका घरातील मुलगी यंदा चांगल्या गुणांनी दहावी उत्तीर्ण झाली. जपानमध्ये इंग्रजीतून अर्थशास्त्राची पदवी घेता येते, हे तिने कोठेतरी ऐकले. तिचे वडील मला विचारू लागले, "फादर, हे खरं हाय का? अन् खरं असंल, तर पोरीला तेवढ्या लांब धाडावं का?" या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर सोपे आहे. दुसऱ्या अर्ध्यासाठी मला बराच विचार करावा लागला. असा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरी उभा राहील, म्हणून तो विचार येथे मांडतो.

गोष्ट खरी आहे. वासेदा विद्यापीठाने २०१० साली आणि नागोया या राष्ट्रीय विद्यापीठाने २०११ साली इंग्रजीतून अर्थशास्त्र शिकविण्यास प्रारंभ केला. केइओ विद्यापीठाचा असाच चार वर्षांचा अभ्यासक्रम २०१६ पासून चालू आहे. टोकियोतील येशूसंघीयांच्या सोफिया विद्यापीठाने २०२० साली आपल्या इंग्रजी अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचा समावेश केला. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, परंतु हे वर्ग बहुधा सप्टेंबरच्या सुमारास भरतात. बारावीचे गुण, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, स्वतःविषयीचा निबंध व शिफारसपत्रे यांवर प्रवेश ठरतो.

सोफियाविषयी आपणा कॅथलिक वाचकांस थोडे अधिक कुतूहल असणे स्वाभाविक आहे. जपानात विद्यापीठ व्हावे ही संत झेवियर यांची इच्छा होती. ती फलद्रूप होण्यास साडेतीन शतकांहून अधिक काळ लागला. १९०८ साली तीन येशूसंघीय धर्मगुरू त्यासाठी जपानला पोहोचले. त्यांतील फादर योसेफ डालमान हे महाभारताचे व्यासंगी अभ्यासक होते. १९१३ साली संस्था उघडली, तेव्हा तत्त्वज्ञान व जर्मन साहित्य यांच्या जोडीला तेथे वाणिज्य हा विषय होता. पैशाचा व्यवहार हा देखील ज्ञानाचा विषय आहे, ही जाण त्या संस्थेला जन्मापासून होती.

आता प्रश्न असा, की स्वतःच्या भाषेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या राष्ट्राने इंग्रजीला दार का उघडावे? त्याचे एक मोठे कारण पाळण्याशी निगडित आहे. १९९२ साली जपानमध्ये अठरा वर्षांची मुले सुमारे २० लाख ५० हजार होती. आता ती सुमारे ११ लाख उरली आहेत. वर्ग रिकामे पडू लागले. म्हणून २००८ साली सरकारने परदेशी विद्यार्थ्यांची संख्या ३ लाखांवर नेण्याचा संकल्प सोडला आणि २००९ साली तेरा विद्यापीठांना इंग्रजी अभ्यासक्रमांसाठी निवडले. हा संकल्प २०१९ साली पुरा झाला.

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही इंग्रजी पायवाट आहे. राजमार्ग आजही जपानीचाच आहे. तेथील बहुसंख्य मुले अर्थशास्त्र स्वभाषेतच शिकतात. पाश्चात्त्य शास्त्रे आली तेव्हा त्यांच्या विद्वानांनी जुन्या चिनी ग्रंथपरंपरेतून शब्द शोधले. अर्थव्यवहारासाठी रुळलेला 'केझाई' हा शब्द ज्या वचनाचा संक्षेप आहे, त्याचा आशय 'जगाची घडी बसवावी, लोकांना तारावे' असा आहे. आपणही मागे नव्हतो. लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' हे अर्थशास्त्रावरील पुस्तक १८४९ साली, म्हणजे जपानच्या मेइजी पर्वाच्या एकोणीस वर्षे आधी, मराठीत आणले होते. आजही बीडच्या महाविद्यालयांत मुले मराठीतून अर्थशास्त्र शिकतात; परंतु ते नाइलाजाचे शिक्षण आहे असे त्यांना वाटत राहते. हे शल्य जपानी विद्यार्थ्याला ठाऊक नाही.

म्हणून त्या वडिलांना मी प्रथम व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या. पहिली गोष्ट गणिताची. आपल्याकडे अर्थशास्त्र हा कला वा वाणिज्य शाखेचा विषय समजून मुले दहावीनंतर गणित सोडून देतात. तेथे मात्र कलनशास्त्र व संख्याशास्त्र यांवाचून पाऊल पुढे पडत नाही. अकरावीला गणित सुटले, की हे दार बंद झालेच म्हणून समजावे.

दुसरी गोष्ट पैशाची. राष्ट्रीय विद्यापीठांचे सर्वसाधारण वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये आहे. खासगी विद्यापीठांत ते याच्या दुप्पट वा अधिक असते. राहण्या-जेवण्याचा खर्च निराळा. परवाना घेऊन विद्यार्थ्याला आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करता येते, पण त्या मिळकतीवर शुल्क भागेल अशा भरवशावर कोणी निघू नये. जपान सरकारची पदवी शिष्यवृत्ती शुल्क व निर्वाह दोन्ही पाहते. मात्र तिच्यात साधारणतः पहिले वर्ष जपानी भाषा शिकून पुढचे शिक्षण त्याच भाषेत घ्यावे लागते. शिष्यवृत्ती हाती नसताना जमीन गहाण टाकून जाणे म्हणजे मुकादमाची उचल सोडून सावकाराची उचल घेणे होय.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि तिचे शिक्षक स्वतः संत झेवियर आहेत. जपानी येत नसल्याने आपण त्या लोकांत पुतळ्यांसारखे उभे आहोत, अशी व्यथा त्यांनी पत्रातून कळविली होती. दुभाष्याच्या सल्ल्याने परमेश्वरासाठी त्यांनी 'दाइनिची' हा शब्द वापरला. तो बुद्धाच्या एका रूपाचे नाव निघाला, तेव्हा तो टाकून त्यांना 'देउस' हा लॅटिन शब्द घ्यावा लागला. वर्गातली भाषा इंग्रजी असली तरी बाजारातली, दवाखान्यातली आणि बहुतेक नोकरीच्या मुलाखतींतली भाषा जपानीच राहणार. सुदैवाने मराठी माणसाला ती फार परकी नाही. तिच्यातही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि आपल्या 'ला', 'त', 'हून' यांप्रमाणे प्रत्यय नामानंतर लागतात. पुण्यात ती शिकण्याची चांगली सोय आहे.

परंतु खरा प्रश्न याच्याही पलीकडचा आहे. अर्थशास्त्र कशासाठी शिकायचे? आपल्या जिल्ह्यात 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि टनाच्या दराने ऊस तोडून ती फेडायची. तोड कमी भरली तर बाकी पुढच्या वर्षावर. दोन माणसांची मजुरी एका हिशेबात का मावते, बाईचा वाटा निराळा का लिहिला जात नाही, या प्रश्नांना बीडच्या मुलीइतके जवळून कोण ओळखते?

अशी उदाहरणे आपल्यापुढे आहेत. सोफिया उघडले त्याच १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकण्यास गेले. रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला; पण १९२० साली आपल्या माणसांशी बोलण्यासाठी 'मूकनायक' काढला तो मराठीतच. केंब्रिजला शिकलेले धनंजयराव गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या शेतकऱ्यांत बसले आणि १९५० साली तेथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या सहकाराने ऊस पिकविणाऱ्याला सभासद केले. ऊस तोडणारा मात्र कुंपणाबाहेर राहिला. तो हिशेब अजून कोणीतरी पुरा करावयाचा आहे.

'कोणी आपल्याला कामावर घेतले नाही' म्हणून दिवसभर बाजारात उभे राहिलेल्या मजुरांचा दाखला आपण मिस्सेत ऐकतो. मळ्याचा धनी त्यांनाही पुरती मजुरी देतो. लोकांना तारणे हा 'केझाई'चा अर्थ त्या धन्याला नक्कीच पटला असता.

त्या वडिलांना मी शेवटी एवढेच म्हणालो, "बाबा, पोरगी जाऊ द्या, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच, आणि आधी दोन वर्षे गणित व जपानीचा पाया घालून. इंग्रजी तिला टोकियोपर्यंत नेईल. तिथून फडापर्यंत यायला मात्र मराठीच लागेल, तेवढी तिला विसरू देऊ नका." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, अकरावीच्या अर्जात गणित कोठे लिहायचे असते? तो अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला.