आरमाराचं दप्तर, मुक्काम बोरी

बोरीत पाण्याचा विषय निघाला की माणूस येलदरीच्या धरणापर्यंत पोचतो, त्यापुढं नाही. तरी आरमाराचे जुने कागद वाचायला घेतले की सुटत नाहीत. ही टिपणं सुचतील तशी.

*

कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांच्याविषयी इंग्रजांनी केलेला पत्रव्यवहार उदंड आहे. त्यात ते बहुतेक चाचेच. आंग्र्यांचं दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे, पण मोडीत, रुमालात बांधलेलं. इंग्रजी कुणीही वाचतं, मोडी मोजके. इतिहासात इंग्रजांचा आवाज मोठा येतो तो यामुळंही.

*

गोव्याहून लिस्बनला पत्रं जायची ती वारा अनुकूल झाला की, म्हणून त्या पत्रांच्या बाडांना नावच मोसमाचं. एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या गलबतांवर धाडायचे. एक बुडालं तर दुसरं पोचेल. पणजीचं पुराभिलेखागार १५९५ सालचं. तिथं पांडुरंग पिसुर्लेकर जन्मभर बसले आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांचे कागद त्यांनी उजेडात आणले. त्यांचे उपकार आपण फारसे बोलून दाखवत नाही.

*

विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६, इंग्रजांचा हल्ला. तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्यात इंग्रजांकडूनच जिंकलेलं 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज होतं. तोफगोळ्यानं ते पेटलं आणि आग बाकीच्या गलबतांना लागली. डॉमिनिक सेरेसनं या प्रसंगाचं तैलचित्र काढलं ते १७७१ साली, पंधरा वर्षांनी. चित्र देखणं आहे. पण ते जिंकणाऱ्यांचं.

*

१८ फेब्रुवारी १९४६, मुंबई, 'तलवार'. नौदलाच्या या सिग्नल शाळेतल्या पोरांनी सकाळचं जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न, गोऱ्यांपेक्षा कमी पगार आणि कमांडर किंगच्या शिव्या. भिंतींवर घोषणा रंगवल्याबद्दल बी. सी. दत्त आधीच पकडले गेले होते. बघता बघता उठाव कराचीपर्यंत गेला. पुढं सरकारनं चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष पाटणा हायकोर्टाचे सर फझल अली. सदस्यांत मेहरचंद महाजन, जे नंतर भारताचे सरन्यायाधीश झाले. नाविकांच्या साक्षी झाल्या. काल-परवापर्यंत ज्यांच्या ताटातल्या डाळीची तक्रार कुणी ऐकत नव्हतं, त्यांचं म्हणणं सरकारी कारकुनानं टंकून फाइलला लावलं. मला या सगळ्या दप्तरात सर्वांत जिवंत वाटतात ते हे कागद. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहून घेतलं आणि टिकलं मात्र पोरांचं गाऱ्हाणं.

आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात. ते संपवणारा सप्टेंबर १९४८ अजून लांब होता.

*

मुंबईत व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ साली सागरी इतिहासाची संस्था काढली. लढवय्यानं कागद जपायचं मनावर घ्यावं, हे आपल्याकडं विरळाच.

*

९ डिसेंबर १९७१. दीवजवळ 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. जहाजावरचे कागद जहाजाबरोबरच खाली गेले. बाहेर उरली ती आधीच टपालात पडलेली पत्रं.

नाविकाचं टपाल ओळखू येतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तो कुठं आहे ते नसतं. नाव, हुद्दा, जहाज, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. निळं आंतरदेशीय, घड्यांवर फाटलेलं. आत ख्यालीखुशाली, पाऊस झाला का, मनिऑर्डर पोचली का. जहाज कुठं चाललंय, हे लिहायची मुभा नसायची. ॲडमिरलांची चरित्रं छापली जातात. शिपाईगड्याची ही दोन-चार पत्रं कुठल्याच अभिलेखागारात नसतात. ती बोरी, झरी, जिंतूरसारख्या गावांत पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिका आणि सातबाऱ्याखाली असतात.

*

तुमच्या घरात कुणी नौदलात होतं, तर दिवाळीच्या झाडलोटीत ती पेटी रद्दीवाल्याला देऊ नका. गंजलेल्या टाचण्या काढा. लॅमिनेशन अजिबात करू नका. फोटोमागं मऊ पेन्सिलीनं नाव, जहाज आणि साल लिहा, आणि हे चेहरे ओळखणारं म्हातारं माणूस घरात आहे तोवरच लिहून घ्या.