एक ओळ

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी प्रभूची प्रार्थना सगळी मंडळी एका सुरात म्हणते. आम्हां मुलांना ती अक्षरओळख होण्याआधीच पाठ झालेली असते. पण त्या प्रार्थनेतील एक ओळ मी आठ वर्षे म्हणत नव्हते. रोजच्या भाकरीचे मागणे झाले की मी तोंड मिटायची आणि क्षमेची ओळ संपली की पुन्हा सर्वांच्या सुरात सूर मिसळायची. इतक्या आवाजांत कुणाच्या लक्षात येणार, असे मला वाटे.

कारण तसे घरगुतीच आहे. वडील मराठी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी बेळगावच्या बाहेर तीन गुंठे जागा घेतली होती. "ही तुझ्या म्हातारपणाला," असे ते आईला म्हणत. ते गेल्यावर दादा पुण्याहून कागद घेऊन आला. उताऱ्यावर आईचे नाव चढवायचे आहे, म्हणाला. आईने सही केली, मीही केली. कोणताही मजकूर नीट वाचा, असे वर्गात बजावणारी मी, भावाचा कागद म्हणून न वाचताच सही करून मोकळी झाले. 2013 च्या उन्हाळ्यात बसमधून जाताना त्या जागेवर कुणीतरी पाया खणताना दिसले. दादाच्या धंद्यात खोट आली होती, ती त्या पैशांतून भरली गेली. त्याच वर्षी आईच्या गुडघ्यांचे ऑपरेशन करायचे ठरले होते. ते पुढे ढकलले आणि मग कधी झालेच नाही.

मी चर्चला जाणे सोडले नाही. संडे स्कूलची मुले सांभाळत होते, नाताळची गाणी बसवत होते. पण मनात एक हिशेब चालू होता. देवा, मी तुझे सगळे करते, आता तू माझा न्याय कर. तेवढी ओळ म्हणणे मात्र खोटेपणाचे वाटे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ही प्रार्थना संपताच येशू तिच्यातल्या एकाच मागणीकडे परत वळतो, आणि ती हीच. हे ठाऊक असल्यामुळे तो अध्याय मी वाचायचीच टाळत असे.

एका रविवारी चर्चमधून येताना रिक्षात आई सहज म्हणाली, "तू ती ओळ म्हणत नाहीस."

मी गप्प. ती पुढे म्हणाली, "असू दे. मी मनात दोनदा म्हणते. एकदा माझी, एकदा तुझी."

मला तिचा रागच आला. जागा तिची गेली, गुडघे तिचे दुखत होते, आणि दादाचा फोन आला की तीच हसून बोलायची. हा तिचा भाबडेपणा आहे, असे मी स्वतःला सांगत राहिले.

2018 साली वर्गात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी बोलत होते. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला विश्वासात न घेता. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे-ओवळे एका दिवसात सुटले नाही. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या विचाराने. हे सांगत असताना एका मुलीने विचारले, "मॅडम, त्यांनी नवऱ्याला माफ केलं, ते नेमकं कधी?"

मी पुस्तक चाळू लागले. रडणे आहे, भांडणे आहेत, टिळकांच्या लहरींची थट्टा आहे. पण 'मी क्षमा केली' असा दिवस दाखवता येईना. 1919 साली टिळक गेले तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे दहा-साडेदहा अध्यायच झाले होते. जिला धड शाळा मिळाली नव्हती, त्या बाईने पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. ज्या माणसाने एकदा सांगितल्याशिवाय वाट बदलली, त्याचेच काम तिने हातात घेतले. मी त्या मुलीला म्हटले, "तारीख सापडत नाही गं." घरी येईपर्यंत तिचा प्रश्न माझ्यासोबत होता.

2021 च्या डिसेंबरात आई गेली. दादा आला. दफनभूमीत पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. भाकरीच्या मागणीनंतर मी सवयीप्रमाणे थांबले. शेजारी आईचा आवाज नव्हता. माझी ओळ म्हणणारे आता कुणी उरले नव्हते. मग मीच ती म्हटली. आवाज फुटला नाही नीट, पण म्हटली. दादा पलीकडे उभा होता. त्याच्याकडे पाहण्याचे धाडस झाले नाही.

त्यानंतर मन हलके झाले, असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. तसे काही झाले नाही. त्या जागेवर आज दुमजली घर आहे. बसमधून ते दिसले की अजून पोटात ढवळते. मग मी ती ओळ पुन्हा म्हणते. आपल्या मराठी बायबलात मत्तयाने दिलेल्या या प्रार्थनेत शब्द आहे तो 'ऋण'. ऋण सोडायचे म्हणजे येणे आहे हे आधी कबूल करायचे. झालेला अन्याय खोटा ठरवायचा नाही, वसुली मात्र थांबवायची. आई ते रोज करत होती. मी त्याला भाबडेपणा म्हणत होते. माझा विश्वास वाढला म्हणायचा तर इतकाच, की देवापुढे हिशेबाची वही घेऊन बसणे आता कमी झाले आहे.

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. जागेचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. त्याचे गुडघे दुखू लागलेत म्हणे. आई कोणते तेल लावायची, ते विचारत होता. मी सांगितले, आणि कोमट करूनच लाव, असेही सांगितले.