दंशाची वेळ

महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णाच्या खाटेशी रात्ररात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांची बारकाईने नोंद करीत. लाल विंचवाच्या विषाने हृदय थकून फुप्फुसांत पाणी कसे साठते हे त्यांना अशा निरीक्षणांतूनच उमगले, आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’ने त्यांचे लेखन प्रसिद्ध केले, ही हकीकत कोकणातील डॉक्टरांना मुखोद्गत असते. पुढे प्राझोसिनच्या गोळीने अशी किमया केली की, गंभीर विषबाधेचे शंभरांतील तीस-चाळीस रुग्ण जेथे दगावत, तेथे एखादाच दगावू लागला. बावस्करांचे औषध कोकणभर पसरले. त्यांची नोंदीची शिस्त मात्र तितकी पसरली नाही.

मालवण तालुक्यातील ज्या रुग्णालयात मी काम करीत होतो, तेथे ही गोळी होती, ती देण्याचा शिरस्ताही होता. त्यामुळे जुने केसपेपर दफ्तरातून काढून त्यांचे क्लिनिकल ऑडिट करावे, हा माझा विचार प्रथम कोणाला निकडीचा वाटला नाही. उपचार कसा व्हावयास हवा हे आधी ठरवून तो प्रत्यक्षात कसा झाला हे कागदावरून पाहावयाचे, अंतर दिसेल तेथे पद्धत बदलावयाची आणि काही काळाने पुन्हा तेच मोजावयाचे, एवढेच ते काम. आम्ही एकच प्रश्न धरला : दंश कधी झाला, आणि लक्षणे असलेल्या रुग्णाला पहिली गोळी कधी मिळाली?

उत्तर मिळेना. बहुतेक कागदांवर वेळ होती ती कागद काढल्याची, दंशाची नव्हे. चिऱ्यांचा गडगा रचताना किंवा पावसापूर्वी लाकडे भरताना दंश झालेला माणूस घामाने निथळत बाकावर बसे, त्याचा भाऊ खिडकीपाशी नाव, वय, गाव सांगत उभा राही, आणि गोळी औषधभांडाराच्या कुलपात असे. यात कोणा एकाचा कसूर नव्हता, आणि तो मी शोधूही दिला नाही; कारण जाबजबाबाची धास्ती पडली की नोंदी सुबक होतात, खऱ्या राहत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

बैठकीत आमच्या ज्येष्ठ परिचारिकेने निकाल दिला, ‘डॉक्टरांनू, पयली गोळी देवया, कागद मगे करूया.’ तशी तजवीज झाली. गोळ्या तातडीच्या खोलीत आल्या. केसपेपरवर दंशाची वेळ, पहिल्या मात्रेची वेळ आणि दर तीन तासांनी हातपाय गरम झाले की नाही, यांसाठी रकाने छापले गेले.

पुढील मोसमानंतर आम्ही पुन्हा कागद तपासले. पहिल्या गोळीचा विलंब उघड घटला होता. रात्रीचे रकाने मात्र पुष्कळदा कोरे होते. हातपाय गरम होईपर्यंत मात्रा पुन्हा द्यावी लागते, आणि रात्रपाळीची एकटी परिचारिका त्याच वेळी प्रसूतीही सांभाळीत असे. म्हणून पुढील तपासणीसाठी रात्रपाळीच घेतली. आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात धाडावयाच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर शेवटच्या मात्रेची वेळ ठळक लिहावी, असा लेखी हुकूम त्याच दिवशी काढवून घेतला.