पैसं आलं का?

दर नोव्हेंबरात आमच्या शाखेत एक विलक्षण सोहळा असतो. गावोगावची वृद्ध मंडळी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायला येतात, आणि काउंटरमागची आम्ही मंडळी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. मी बी. कॉम. आहे. व्हाउचर नसेल तर समोरच्या माणसाचं अस्तित्व मान्य करायचं नाही, हे शिक्षण मला तीन वर्षं फी भरून मिळालेलं आहे.

अशाच एका नोव्हेंबरात एक आजी आल्या. निराधारचा 'पगार' घेणाऱ्या. त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र नाही म्हणालं. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, यंत्राला मनातल्या मनात नमस्कार करून ठेवला. यंत्र ढिम्म! जन्मभर खुरपणी करून आणि भाकऱ्या थापून अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या.

"आजी, तुमचा अंगठा जुळत नाही."

"माझाच हाय रं बाबा! जल्मापासनं हितंच हाय."

याला आमच्या नियमावलीत उत्तर नव्हतं.

आजींच्या गावात बँक मित्र होता, पण त्याच्याकडेही तसलंच यंत्र. त्यामुळे त्या अकरा किलोमीटरवरून एस. टी. ने शाखेत यायच्या आणि साक्षीदार उभा करून शाईचा अंगठा उठवायच्या. पंच्याहत्तरी उलटल्यावर एस. टी. चं तिकीट पडत नाही, हे खरं. पण कंबर स्वतःचीच न्यावी लागते. त्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज जायचा मुंबईला असलेल्या नातवाच्या मोबाइलवर. आजींना पत्ताच नाही. म्हणून महिन्यातून तीन-तीन खेपा आणि प्रश्न एकच, "पैसं आलं का?"

"नाही आले," असं मी पासबुकातून मान वर न काढता सांगत असे. खोटं कशाला बोलू?

पुढे साहेबांनी मला पुण्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. अशा प्रशिक्षणात जेवण उत्तम असतं आणि त्यानंतरच्या व्याख्यानात झोप त्याहून उत्तम लागते. माझीही लागली होती. एवढ्यात कानावर 'एम-पेसा' असे शब्द पडले आणि मी खडबडून जागा झालो. बँकवाला झोपेतसुद्धा पैसा हा शब्द ओळखतो.

आणि शब्द आपलाच निघाला! 'एम' म्हणजे मोबाइल आणि 'पेसा' म्हणजे स्वाहिलीतला पैसा, आपल्याकडूनच समुद्र ओलांडून गेलेला. पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश मुलखात १९२० पर्यंत रुपयाच चालत होता.

केनियात ही सोय २००७ साली सुरू झाली. इंटरनेट नको, महागडा फोन नको. साधा बटणांचा फोन पुरे. शहरातल्या मुलाने गल्लीतल्या एजंट दुकानदाराला रोख द्यायची, ती त्याच्या फोनवर जमा होते. मग मेसेज पाठवावा तसे पैसे गावी पाठवायचे आणि आईने तिथल्या दुकानदाराकडून नोटा घ्यायच्या. मूळ बेत होता छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून वसूल करायचा. लोकांनी ठरवलं, हप्ता मागाहून, आधी आई! कर्जदार जगात सगळीकडे सारखेच, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

२०१६ साली दोन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, की या सोयीमुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं गरिबीतून वर आली. शेजारी बसलेले कॅशियर हळूच म्हणाले, "आणि तेही एक पासबुक न भरता!"

पण माझी झोप खरी उडाली ती पुढच्या गोष्टीने. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार उसळला. केरिओ खोऱ्यातल्या लोकांपर्यंत धान्याचे ट्रक नेणं जिकिरीचं. तेव्हा २००८ साली कन्सर्न वर्ल्डवाइड या आयरिश संस्थेने तिथे फोनवरून पैसेच पाठवले. मी हात वर केला. बँकेतल्या माणसाला दुसऱ्याच्या योजनेतली खोट काढायला मिळाली, की जेवण लगेच पचतं.

"ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांचं काय?"

"कुटुंबांचे गट केले. गटाला एक फोन दिला."

"आणि वीज?"

"फोनबरोबर सौर चार्जर दिला."

"वाचता न येणाऱ्यांचं काय?"

"वाचता येणाऱ्यांची मदत घेतली."

मी खाली बसलो. पण तो चार्जर काही डोक्यातून जाईना. फोन पाठवायचं कोणालाही सुचेल. पण तो दुसऱ्या दिवशी बंद पडेल, हे आधी सुचायला त्या घरात मनाने तरी जाऊन बसावं लागतं. आम्ही आजींच्या गावात यंत्र पाठवलं होतं. अंगठा आठवला नव्हता.

परतल्यावर मी साहेबांना चार पानी अहवाल दिला. त्यांनी तो ठेवून घेतला आणि विचारलं, "जेवण कसं होतं?"

मग मी आजींपुरता एक चार्जर शोधला. त्यांच्या गावच्या किराणा दुकानदाराचा नंबर घेतला. खात्याची गोपनीयता सांभाळायची म्हणून आजींशी सांकेतिक शब्द ठरवला, 'पाऊस पडला.' तो निरोप आला की एकदाच यायचं. त्या दिवशी साक्षीदार मी आणून ठेवणार.

मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात मी फोन केला, "आजींना सांगा, पाऊस पडला." पलीकडे बराच वेळ शांतता. मग दुकानदार काळजीने म्हणाला, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. त्या महिन्यातली पहिली आणि शेवटची खेप. पैसे कनवटीला लावून झाल्यावर त्यांनी पिशवीतून शेवग्याच्या शेंगांची जुडी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"हे काय, आजी?"

"तुझ्या फोनचं बिल."

साहेब मागेच उभे होते. म्हणाले, "या शेंगा कोणत्या खात्याला दाखवणार?"

बी. कॉम. चं शिक्षण अखेर कामाला आलं. मी म्हटलं, "किरकोळ जमा."