लाल पिंजऱ्यावरचं स्पेलिंग

गुरुवार, 20 मार्च 2025
एमआयडीसीची सुट्टी. लेकीने फ्रिजवर कागद चिकटवलाय, रोज वीस शब्द. बारावी झाली, आता बीबीएची सीईटी. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, त्यात इंग्रजीचे चाळीस. चुकलं तरी मार्क कापत नाहीत म्हणे. म्हटलं, नशीबवान आहेस. आमच्याकडे पार्ट चुकला की कस्टमरची डेबिट नोट येते.

दूध काढताना यादी वाचली. मॅलिएबल, ब्रिटल, टॉलरन्स, ऑबसोलीट. मी आयटीआय फिटर, गेली अकरा वर्षं क्वालिटीत. ही तर आमच्याच लायनीवरची मंडळी!

शुक्रवार, 21 मार्च
फर्स्ट शिफ्ट. भोसरीहून बस पहाटेची, मोशीला इंद्रायणीच्या पुलावर अजून अंधार. मोबाईलवर यादीचा फोटो. शेजारच्याने विचारलं, "काका, पोरीऐवजी तुम्हीच बसताय काय परीक्षेला?"

रात्री टॉलरन्स समजावला. ड्रॉइंगवर 25 अधिक-उणे 0.02 म्हणजे तेवढा फरक चालवून घ्यायचा, पुढे रिजेक्ट. ती म्हणाली, पुस्तकात सहनशीलता दिलंय. ओट्यापाशी ही म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांना किती चालवून घ्यायचं, ते."

सोमवार, 24 मार्च
मॅलिएबल आणि डक्टाइल यांत ती अडकली होती. तांब्याच्या तारेचा तुकडा आणि हातोडी घेऊन बसलो. ठोकून पसरतं ते मॅलिएबल, ओढून तार होते ते डक्टाइल, आणि बिडाचं कास्टिंग हातातून सुटलं की तुकडे, ते ब्रिटल. फरशीचा एक टवका उडाला. फरशीपण ब्रिटल.

तिने उलट शिकवलं. मॅलिएबल माणसालाही म्हणतात, हवा तसा वळवता येणारा. असे दोन तरी सुपरवायझर मला माहीत आहेत.

मंगळवार, 25 मार्च
जुनी गोष्ट आठवली. एका ऑडिटला बाहेरच्या साहेबांनी गेजकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, हे बाजूला का? उत्तर मला ठाऊक होतं, गेज मीच बाजूला काढला होता. तोंड उघडेना. ट्रेनी पोरगा अर्धवट चुकीचं, पण घडाघडा बोलला आणि साहेबांनी मान डोलावली. हे अजून घरात सांगितलेलं नाही.

गुरुवार, 27 मार्च
सुट्टी. लेकीला घेऊन चाकण गावात गेलो. इतकी वर्षं कामाला इकडे येतो, पण किल्ल्यात पाय ठेवला नव्हता. संग्रामदुर्ग आता पडके बुरूज आणि तटाचे तुकडे एवढाच उरलाय. 1660 मध्ये शाइस्तेखानाच्या फौजेने वेढा घातला, फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी दीड महिन्याहून जास्त झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा किल्ला दिला. खानाने चाकरीला बोलावलं, तर गेले नाहीत.

लेक म्हणाली, "बाबा, कालच्या यादीत कपिच्युलेट होता. बोलणी करून, अटींवर शरण जाणं." म्हटलं, नुसतं शरण नाही ना? नाही म्हणाली, आधी कलमं ठरतात. हा शब्द तिला आता पाठ करावा लागणार नाही. मलाही नाही.

येताना तळेगाव चौकात पाऊण तास. यादीतले अकरा शब्द तिथेच झाले.

शुक्रवार, 28 मार्च
क्वारंटाईन. मी म्हटलं, हा तर आमचा लाल पिंजरा, संशयी माल कुलपात ठेवायचा. तिने मूळ सांगितलं. साथीच्या भीतीने व्हेनिसचे लोक जहाजांना चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवत, आणि इटालियनमध्ये चाळीसला क्वारांता. आमच्या पिंजऱ्यात माल चाळीस दिवस पडला तर प्लँट हेड आम्हालाच आत कोंडतील.

मग पिंजऱ्याचा फोटो दाखवला. ती हसतच सुटली. बोर्डावर क्यूनंतरचा यू नाही. अकरा वर्षं रोज बघतोय. कोणाच्याच लक्षात आलं नाही, ऑडिटरच्याही नाही!

रविवार, 30 मार्च
पाडवा. सेकंड शिफ्टला जाण्याआधी गुढी उभारली. कडुलिंब खाताना लेक म्हणाली, ॲक्रिड. तोंड वाकडं करून म्हणाली, त्यामुळे अर्थ विचारला नाही.

मंगळवार, 1 एप्रिल
मार्कर घेऊन बोर्डावर यू घालायला गेलो तर क्वालिटीच्या साहेबांनी हात धरला. कंट्रोल्ड डॉक्युमेंट आहे काका, असं खोडायचं नाही. चेंज नोट भरा, रिव्हिजन नंबर वाढेल, तीन सह्या होतील.

फॉर्म घरी आणला. बदलाचं कारण, हा रकाना इंग्रजीत. लेकीने शब्द सांगितला, मी मोठ्या अक्षरात काढला.

बुधवार, 2 एप्रिल
साहेबांनी फॉर्म वाचला. "काका, इरोनियस म्हणजे?"
"चुकीचं."
"मग राँग लिहायचं ना सरळ."
सही मात्र केली. दोन बाकी आहेत.